आफ्रिकेत नेट महाग का पडतं आणि पटकन बंद का होतं

कॅमेरूनमधल्या बामेंडा शहरातल्या एका १७ वर्षांच्या मुलाने गूगलच्या शाळकरी मुलांसाठीच्या कोडिंग स्पर्धेत भाग घेतला होता. आठवडेच्या आठवडे जागून एकेक काम पूर्ण केलं, शेवटची मुदत होती १६ जानेवारी २०१७ ची मध्यरात्र, त्याने सगळं वेळेत अपलोड केलं आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने त्याच्या अख्ख्या प्रदेशाचं इंटरनेट बंद केलं. सरकारने ते एक दिवस आधी बंद केलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. तो मुलगा जिंकला, ही स्पर्धा जिंकणारा आफ्रिकेतला पहिला ठरला, पण गावात नेट नाही म्हणून त्याला साधारण ३७० किलोमीटर लांब, राजधानी याउंदेला जाऊन राहावं लागलं.

ते नेट ९३ दिवस बंद होतं. कॅमेरूनचा बहुतेक भाग फ्रेंच बोलतो, फक्त वायव्य आणि नैऋत्य हे दोन प्रदेश इंग्रजी बोलणारे, आमच्या कोर्टात आणि शाळांत फ्रेंच लादताय म्हणून तिथले वकील आणि शिक्षक रस्त्यावर उतरले होते, आणि नेट गेलं ते नेमकं ह्या दोन प्रदेशांचं, बाकी देशात सगळं सुरळीत चालू. नैऋत्येकडच्या बुया शहरात डोंगराच्या पायथ्याशी छोट्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या राहिल्यात, लोक त्या भागाला कौतुकाने सिलिकॉन माउंटन म्हणतात. तिथली पोरं लॅपटॉप घेऊन, जिथे नेट चालू होतं त्या दुआला शहराच्या फेऱ्या मारायला लागली, रोजचं जाणं-येणं परवडेना तेव्हा प्रदेशाच्या हद्दीपलीकडच्या बोनाको नावाच्या खेड्यात, जिथे पलीकडच्या टॉवरची रेंज येत होती, तिथे खोली भाड्याने घेऊन दाटीवाटीने बसून काम करायला लागली. त्या जागेला नाव पडलं इंटरनेट निर्वासितांची छावणी.

आता प्रश्न असा की एखाद्या देशाला हे इतकं सहज जमतं कसं? आपल्याला शाळेत सांगतात की इंटरनेट म्हणजे जाळं, एक धागा तुटला तरी माहिती दुसऱ्या धाग्याने जाते. खरं आहे, पण त्यासाठी मुळात दुसरा धागा असावा लागतो ना. ज्या गावाला जायला एकच रस्ता आहे तिथे टोल मनासारखा लावता येतो आणि नाकाबंदीला एकच हवालदार पुरतो. आफ्रिकेतलं नेट महाग का आणि बंद करायला सोपं का, हे दोन वेगळे प्रश्न नाहीयेत, एकच आहे असं मला वाटतं, आणि म्हणूनच तिथे डिजिटल हक्कांसाठी भांडणारे लोक आणि गावागावात नेट पोचवणारे लोक एकमेकांना धरून काम करताना दिसतात.

समुद्रापासून सुरुवात करू. जगाशी होणारा आफ्रिकेचा जवळपास सगळा डेटा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातो, खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते आणि आत केसासारख्या बारीक काचेच्या तारा. पश्चिम किनाऱ्याला सॅट-३ नावाची केबल २००२ मध्ये चालू झाली, पण बहुतेक देशांत तिचं टोक एकाच मोठ्या टेलिफोन कंपनीच्या हातात होतं, त्यामुळे केबल आली तरी भाव त्या मानाने उतरले नाहीत. पूर्वेला तर केनिया, टांझानिया, मोझांबिक ह्यांना २००९ पर्यंत केबलच नव्हती, सगळं उपग्रहावरून. २००९ च्या जुलैमध्ये सीकॉम केबल आली, तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे बरं का, आणि मग पाठोपाठ बाकीच्या आल्या.

केबल तुटतात कशा हे मला फार इंटरेस्टिंग वाटतं. डिसेंबर २०१९ मध्ये काँगो नदीला गेल्या पन्नास वर्षांतला मोठा पूर आला. ह्या नदीच्या मुखापासून समुद्राच्या आत एक खोल दरी सुरू होते, पुराने आणलेला गाळ तिच्या तोंडाशी साचत राहिला आणि १४ जानेवारी २०२० ला तो सुटला. पाण्याखाली गाळाची नदीच वाहायला लागली म्हणा ना, तीही ११०० किलोमीटरहून जास्त, साडेचार हजार मीटरपेक्षा जास्त खोलवर, आणि गंमत म्हणजे ती पुढे जाता जाता मंद व्हायच्या ऐवजी वेग वाढत गेला, सेकंदाला ५ मीटरवरून ८ मीटरपर्यंत. वाटेतल्या सॅट-३ आणि वॅक्स ह्या दोन्ही केबल तिने तोडल्या. शास्त्रज्ञांनी त्या दरीत आधीच यंत्रं सोडून ठेवली होती, त्यातली काही वाहून गेली, पण त्यांच्यामुळेच ही मोजमापं मिळाली. मग १४ मार्च २०२४ ला आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहराजवळ एकदम चार केबल गेल्या, लायबेरिया, घाना, बेनिन असे कितीतरी देश एका दिवसात अडखळले, नायजेरियात बँकांचे व्यवहार अडकले. त्याच किनाऱ्यावरून पण जरा लांबून गेलेली इक्वियानो नावाची नवी केबल शाबूत होती म्हणून बराच डेटा तिकडे वळवता आला. दुसरा रस्ता असण्याचा फायदा हाच.

पण समुद्रातले रस्ते वाढवले की झालं असं नाही, देशाच्या आत पण चौक लागतो. साल २०००, नैरोबीत एका कंपनीचं नेट वापरणारा माणूस त्याच शहरात दुसऱ्या कंपनीचं नेट वापरणाऱ्याला ईमेल करतोय. दोन कंपन्यांमध्ये थेट तार नाही, त्यामुळे तो ईमेल उपग्रहावरून दुसऱ्या खंडात जायचा आणि तिथून परत नैरोबीत, म्हणजे दादरहून माटुंग्याला जायला व्हाया लंडन, आणि दोन्ही वेळचं भाडं आफ्रिकेतल्या ग्राहकाच्या खिशातून. ह्यावर उपाय साधा आहे, सगळ्या कंपन्यांनी एका खोलीत आपापल्या तारा आणून एकमेकांना जोडायच्या, ह्याला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात. केनियातल्या कंपन्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये असं एक्स्चेंज चालू केलं आणि दोनच आठवड्यांत ते बंद करायला लावलं, कारण देशाबाहेरच्या डेटाची मक्तेदारी असलेल्या सरकारी टेलिफोन कंपनीने तक्रार केली. हे लोक हटले नाहीत, परवाने देणाऱ्या सरकारी नियामकाशी भांडत राहिले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये रीतसर परवाना घेऊन परत चालू केलं. आधी उत्तर यायला एक-दोन सेकंद लागायचे ते सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत आलं. २०१२ मध्ये केनियातला साधारण ३० टक्के डेटा देशातल्या देशात मिळायचा, २०२० पर्यंत ते प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं, कारण चौक आहे म्हटल्यावर मोठ्या कंपन्यांनीही आपले सर्व्हर तिथेच आणून ठेवले. ही एवढी मोठी सुधारणा एका खोलीने केली, आणि ती खोली सव्वा वर्ष कोणाच्या तरी मक्तेदारीपायी कुलपात होती ह्याचा मला आजही राग येतो.

बरं रस्ता दारापर्यंत आला, पुढे काय? सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जिथे मोबाईल इंटरनेटची रेंजच नाही असे लोक २०२३ मध्ये साधारण १३ टक्के होते. रेंज आहे पण वापरत नाहीत असे ६० टक्के. म्हणजे टॉवर उभा आहे, खाली माणूस उभा आहे, आणि मध्ये फोनची किंमत, डेटाची किंमत, चार्जिंगला लागणारी वीज, आणि फोनमध्ये आपली भाषाच नसणं ह्या सगळ्या भिंती. खंडात सुमारे २००० भाषा आहेत, त्यातल्या बहुतेकांना कीबोर्ड, स्पेलचेक, भाषांतर काही धड मिळत नाही, मसाखाने नावाचा संशोधकांचा एक गट स्वतःच्या भाषांसाठी ही साधनं बनवतोय.

किमतीचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेतली चौकशी बघा. तिथे लोकांनी २०१६ पासून डेटा स्वस्त करा म्हणून आवाज उठवला होता, स्पर्धा आयोगाने चौकशी करून डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की छोटे पॅक घेणाऱ्या गरीब माणसाला प्रत्येक एमबीमागे मोठा पॅक घेणाऱ्यापेक्षा खूप जास्त पैसे पडतायत. आपल्याकडे महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्याला तेल स्वस्त पडतं आणि रोज पुडी नेणाऱ्याला महाग, तसंच. एप्रिल २०२० मध्ये व्होडाकॉमने महिन्याचा एक जीबीचा पॅक १४९ रँडवरून ९९ वर आणला.

युगांडात उलटं झालं. १ जुलै २०१८ पासून व्हॉट्सअॅप, फेसबुक, ट्विटर वापरायचं तर दिवसाला २०० शिलिंग कर. आपल्याला किरकोळ वाटेल, पण रोजंदारीवर जगणाऱ्याला महिन्याचे सहा हजार शिलिंग डेटाच्या पैशांवर वर द्यायचे म्हणजे किरकोळ नाही. राष्ट्राध्यक्ष मुसेव्हेनींचं म्हणणं होतं की लोक तिथे गप्पाटप्पा आणि कुटाळक्या करतात. लोकांनी व्हीपीएन टाकले, म्हणजे आपण कुठली साइट वापरतोय ते कंपनीला दिसू न देणारी अॅप, भरपूर जणांनी नेट वापरणंच कमी केलं, आणि २०२१ मध्ये तो कर काढून सरळ डेटावर १२ टक्के कर लावला. फुकट नेटचाही एक प्रकार आहे, फेसबुकचं फ्री बेसिक्स, काही निवडक साइट फुकट आणि बाकी जगाला पैसे. भारतात ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी २०१६ मध्ये असल्या भेदभावाच्या दरांना मनाई केली, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत मात्र ते चालू राहिलं आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी ती खिडकी म्हणजेच इंटरनेट झालं.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती मानकोसीकडे बघून. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातला हा खेड्यांचा भाग, घरं टेकड्यांवर लांब लांब, तेव्हा वीज नव्हती. वेस्टर्न केप विद्यापीठातल्या लोकांच्या मदतीने गावाने २०१२ पासून घरांवर सोलर पॅनल आणि वायफायचे राउटर बसवले, एका घराचा राउटर दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला जोडलेला, आणि २०१४ मध्ये रीतसर सहकारी संस्था नोंदवली. सहकारी संस्था म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सोलरवर लोकांचे फोन चार्ज करून द्यायचे, त्यातून संस्थेला पैसे. नाव झेंझेलेनी, खोसा भाषेत त्याचा अर्थ आपलं आपण करा. परवान्याच्या बाबतीत त्यांना कागदपत्रांचा बराच खटाटोप करावा लागला, आणि परवान्याचे नियम छोट्या गावांसाठी सोपे करा ही मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे.

आता नेट बंद नेमकं कसं करतात ते. एक प्रकार इजिप्तचा, २०११ च्या २७ आणि २८ जानेवारीच्या मधली रात्र. जगभरचे राउटर एकमेकांना सतत सांगत असतात की अमुक पत्त्यांकडे जायचं असेल तर माझ्याकडून या, इजिप्तच्या कंपन्यांनी ह्या सुमारे ३५०० पाट्या काही मिनिटांत काढून घेतल्या आणि जगाच्या दृष्टीने देशाचे पत्तेच नाहीसे झाले. दुसरा प्रकार कॅमेरूनचा, ठराविक भागातलीच सेवा बंद करायची. तिसरा चाडचा, मार्च २०१८ पासून जुलै २०१९ पर्यंत, साधारण १६ महिने, नेट चालू पण सोशल मीडिया बंद. पत्र आत सीलबंद असलं तरी पाकिटावर नाव दिसतं, मधलं यंत्र ते नाव वाचतं आणि व्हॉट्सअॅपचं पाकीट असेल तर फेकून देतं.

आणि सरकार म्हणालं की आम्ही काही केलंच नाही, तर? ह्याचा शोध लावायची एक भन्नाट युक्ती आहे. जगभरात व्हायरस लागलेले लाखो कॉम्प्युटर उगीचच वाटेल त्या पत्त्यांवर टकटक करत असतात. संशोधकांनी काही पत्ते मुद्दाम रिकामे ठेवलेत, तिथे कोणी राहत नाही, फक्त येणारी टकटक मोजायची. एखाद्या देशाकडून येणारा हा आवाज अचानक थांबला तर समजायचं की तिकडचं नेट गेलं. २०११ मध्ये इजिप्त आणि लिबियाचं नेट असंच तपासलं गेलं. शिवाय ऊनी नावाचं अॅप आहे, सामान्य माणसं आपल्या फोनवरून कुठली साइट उघडत नाही ते तपासतात आणि ती नोंद जगाला खुली होते. असे पुरावे हातात असले की भांडता येतं, आणि कंपालातली सिपेसा, लागोसमधली पॅराडाइम इनिशिएटिव्ह अशा संस्था वर्षानुवर्षं तेच करतायत.

कारण रस्ते वाढवूनही भागत नाही. युगांडात मोबाईल कंपन्या बऱ्याच आहेत, तरी जानेवारी २०२१ च्या निवडणुकीला सगळ्यांचं नेट एकदम बंद झालं, सगळ्यांचा परवाना एकाच नियामकाच्या हातात ना. तिथे कोर्टच लागतं. झिम्बाब्वेच्या हायकोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की ज्या मंत्र्याने नेट बंद करायचा हुकूम दिला त्याला तो अधिकारच नव्हता. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या इकोवास कोर्टाने २५ जून २०२० ला टोगो सरकारने २०१७ मध्ये केलेली नेटबंदी बेकायदेशीर ठरवली आणि भरपाई द्यायला लावली. आपणही ह्यात मागे नाही, २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या १५ देशांत मिळून २१ वेळा नेट बंद झालं, एकट्या भारतात ८४ वेळा, त्यामुळे ह्या निकालांकडे लांबच्या देशातली बातमी म्हणून मला बघता येत नाही.

सुदानमध्ये ३ जून २०१९ ला खार्टूममध्ये आंदोलकांवर गोळीबार झाला आणि नेट बंद केलं गेलं. एक वकील आपल्या मोबाईल कंपनीविरुद्ध कोर्टात गेला, मी पैसे भरलेत आणि मला सेवा मिळत नाहीये एवढंच त्याचं म्हणणं, आणि तो जिंकला. पण खटला एकट्याच्या नावाने होता, त्यामुळे नेट चालू झालं ते त्याच्या एकट्याचं, लाखो ग्राहकांमध्ये एक सिम. तो परत कोर्टात गेला, ह्या वेळी बाकीच्यांसाठी. ९ जुलैला कोर्टाच्या आदेशानंतर सगळ्यांचं नेट चालू झालं. २५ ऑक्टोबर २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली आणि नेट पुन्हा गेलं, पुन्हा खटला झाला, आणि ११ नोव्हेंबरला खार्टूमच्या कोर्टाने जो आदेश दिला तो सगळ्या ग्राहकांसाठी होता. कंपन्यांनी अजून आठवडा लावला, १८ नोव्हेंबरला फोनवर मेसेज यायला लागले.