सौरवातातील घातांकाचा वाद : पार्श्वभूमी

पुण्यात वळिवाच्या दिवसांत कडाडणाऱ्या विजेच्या शाखा, रडारवर उमटणारी ढगांची कड आणि सूर्याकडून वाहत येणाऱ्या प्लाझ्मातील, म्हणजे सौरवात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहातील, चुंबकीय चढउतार या तिन्हींत लहान भागाची रचना मोठ्या भागासारखीच आढळते. त्यावरून तिन्हींचे कारणही एकच असावे, असे मानण्याची घाई मात्र फार झाली आहे.

विद्युतविसर्जनाच्या शाखांचे ठसे 1777 मध्येच धुळीच्या साहाय्याने नोंदले गेले. 1984 च्या संगणकीय प्रारूपातून अशा सपाट शाखांची मिती (रचना जागा किती भरते याचे माप; सरळ रेषेची 1, पृष्ठाची 2) सुमारे 1.7 निघाली. त्याआधी 1982 मध्ये, 1 चौरस किलोमीटरपासून 12 लाख चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्राच्या ढगांच्या व पावसाच्या पट्ट्यांचा परीघ तपासला असता त्याची मिती सर्वत्र सुमारे 1.35 आली होती.

खरा वाद प्लाझ्माचा आहे. मोठ्या भोवऱ्यांतील ऊर्जा लहान भोवऱ्यांत उतरताना तिच्या वर्णपटाचा (कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा आहे याच्या आलेखाचा) घातांक, म्हणजे आकार घटताना ऊर्जा किती झपाट्याने घटते ते सांगणारा आकडा, उणे 5/3 असतो, हे साध्या द्रवांसाठी 1941 मध्ये मांडले गेले. प्लाझ्मात चुंबकीय क्षेत्रामुळे विरुद्ध दिशांच्या लहरी एकमेकींना क्षणभरच भिडतात, ऊर्जा सावकाश उतरते आणि म्हणून घातांक उणे 3/2 असावा, असा निष्कर्ष 1964 आणि 1965 मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे काढला. फरक अवघा 1/6 चा. पण त्यावर सौरवात किती तापेल याचे गणित अवलंबून आहे. यानांची मोजमापे बराच काळ (उणे चिन्ह गाळून) 5/3 च्या बाजूने राहिली आणि 1995 मध्ये, भोवरे क्षेत्ररेषांच्या दिशेने लांबट होतात हे धरून, क्षेत्राला आडव्या दिशेत 5/3 च येतो असा सिद्धांत आला, तेव्हा अनेकांनी प्रकरण मिटले असे मानले. तो निकाल उतावीळ होता. पृथ्वीजवळ चुंबकीय क्षेत्राचा घातांक 5/3 असला, तरी प्लाझ्माच्या वेगाचा 3/2 च्या जवळ आहे, हे 2007 मध्ये दिसले. 2018 मध्ये सोडलेल्या पार्कर सोलर प्रोब या यानाने तर सूर्याजवळ चुंबकीय घातांकही 3/2 च्या आसपास असून दूर जाताना तो 5/3 कडे सरकतो, असे दाखवले.

6 जानेवारी 2024 रोजी नियोजित कक्षेत पोहोचलेल्या आदित्य-एल1 वरील, पुण्याच्या पुढाकाराने घडलेली अतिनील दुर्बीण सूर्याचे निरीक्षण करते, तर त्याच यानावरील चुंबकत्वमापक पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरचे क्षेत्र मोजतो. घातांक 3/2 कडून 5/3 कडे सरकतो तो पट्टा त्याहून बराच आत, सूर्याच्या बाजूला आहे.