डिपस्टिकवरचं ऑइल जातं कुठे?

"गाडी ऑइल खायला लागलीय" असं गॅरेजात म्हटलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "रिंगा गेल्या, इंजिनकाम काढावं लागेल." खिशाला हात घालण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं, की थोडंही ऑइल न खाणारं इंजिन अजून कुणी बनवलेलं नाही.

पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन जळत्या वायूचा दाब अडवतात आणि तिसरी, ऑइल रिंग, सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा तेल खरवडून खाली चेंबरात, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्यात, सोडते. ती सगळं तेल खरवडत नाही आणि खरवडूही नये. भिंतीवर काही मायक्रॉनचा थर उरला नाही, तर वरच्या रिंगा आणि भिंत एकमेकींना खाऊन टाकतील. हा उरलेला थर प्रत्येक ज्वलनाच्या वेळी आगीसमोर उघडा पडतो आणि त्यातलं किंचित तेल जळतं.

किंचित म्हणजे किती? चार सिलिंडरची गाडी सरासरी ताशी ५० किमी वेगाने १,००० किमी चालली, तर २० तास लागतात. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर तेवढ्या वेळात २४ लाख फेरे होतात. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटतं, म्हणजे एकूण ४८ लाख ज्वलनं. या प्रवासात १०० मिलि ऑइल कमी झालं असेल, तर ०.०५ मिलिचा एक थेंब सुमारे २,४०० ज्वलनांना पुरला. याला खादाडपणा म्हणता येणार नाही.

पण कंपन्यांची मर्यादा याहून फारच सैल असते. फोक्सवॅगनच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालेल असं लिहिलेलं आढळतं. त्या हिशेबाने दहा हजारांच्या सर्व्हिसपर्यंत पाच लिटर जळेल, आणि लहान गाडीच्या चेंबरात मावतं साडेतीन-चार लिटर! माझ्या मते हा आकडा इंजिनाच्या तब्येतीपेक्षा वॉरंटीच्या भांडणांसाठी लिहिलेला असतो. आकड्यापेक्षा बदलाकडे पाहावं. सर्व्हिस ते सर्व्हिस डिपस्टिकच्या काठीवर जेमतेम फरक दाखवणारी गाडी अचानक मधेच टॉप-अप मागू लागली, तर चौकशीला कारण आहे.

ती चौकशी धुरापासून सुरू होते. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या रबरी सीलवर. ती कडक झाली की तेल रात्री हळूहळू खाली झिरपतं. चढावर जोर देताना धूर येत राहिला तर रिंगांकडे बोट जातं. अनेकदा ऑइल रिंग झिजलेली नसते, तिच्या खाचेत कार्बन बसून ती नुसती अडकलेली असते. धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं मात्र नव्हे, कारण थोडाफार धूर एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पचवून टाकतो.

काही ऑइल न जळता नुसतं उडून जातं. त्याच्या चाचणीत ते २५० अंश सेल्सिअसवर तासभर तापवतात. इंजिन ऑइलच्या आयएलसॅक जीएफ-६ या मानकानुसार घट १५ टक्क्यांहून जास्त असता कामा नये.

काठी फसवतेही. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या पेट्रोल गाडीचं इंजिन नीट तापत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. एकीकडे ऑइल कमी होतं, दुसरीकडे पेट्रोल भर घालतं, पातळी जागच्या जागी. मग तीच गाडी एके दिवशी पुण्याहून गोव्याला जाते, तापलेल्या ऑइलमधलं पेट्रोल उडून जातं आणि पोहोचल्यावर काठी एकदम खाली आलेली दिसते. दोष मात्र घाटाला दिला जातो.

आता आपल्याकडचा आवडता उपाय: "इथे ऊन फार, जाड ऑइल टाका." दाटपणाचं वर्गीकरण एसएई या अमेरिकी अभियंता संघटनेचं, १९११ सालापासूनचं. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. बाहेर नागपूरचा ४५ अंशांचा मे असो की नाशिकचा जानेवारी, थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास राखतो. त्यामुळे तापलेल्या ऑइलला बाहेरच्या उन्हाचा फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूपच कमी जाणवतो.

पहिला आकडा थंडीचा. ५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. महाराष्ट्रात असली थंडी कुठे? तरीही त्याचा उपयोग आहे. ४० अंशांवर नेहमीच्या ५डब्ल्यू-३० चा दाटपणा साठेक सेंटीस्टोक, तर २०डब्ल्यू-५० चा दीडशेच्या पुढे असतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पातळ तेल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, लवकर पोहोचतं, आणि झीज पुष्कळशी तिथेच वाचते. शिवाय नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. बारीक वाटांसाठी आखलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर खप थोडा घटेलही, पण अडकलेली रिंग काही सुटणार नाही. पुस्तिकेत दोन ग्रेड दिल्या असतील तर जुन्या गाडीला त्यातली जाड घ्यावी. त्यापलीकडे जाऊ नये.

ग्रेड जुळली म्हणजे ऑइल जुळलं असंही नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारा फिल्टर असतो. काजळी तो अधूनमधून जाळून टाकतो, पण जळालेल्या ऑइलमधल्या धातूंच्या संयुगांची राख जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तिकेत एसीईए या युरोपीय मानकाचं सी२ किंवा सी३ (कमी राखेच्या ऑइलचे वर्ग) लिहिलं असेल आणि दुकानदार "५डब्ल्यू-३०च आहे, घ्या" म्हणत डबा पुढे करत असेल, तर डबा उलटून मागचा बारीक मजकूर वाचावा. तिथे तोच सी-वर्ग नसेल तर डबा परत करावा.