पापेल पिकादो (मेक्सिकोतल्या सणांच्या कागदी पताका)

पापेल पिकादो म्हणजे मेक्सिकोत सणासुदीला गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, चर्चच्या अंगणात, घरात, बाजारात दोरीवर लावतात त्या रंगीत नक्षीदार कागदी पताका. स्पॅनिशमध्ये पापेल म्हणजे कागद आणि पिकादो म्हणजे टोचून भोकं पाडलेला. लांबून बघितलं तर साध्या पताका वाटतात, पण जवळ गेलं की कळतं की प्रत्येक तावात पक्षी, फुलं, कवट्या, अक्षरं असं अख्खं चित्र आहे आणि त्यात शाईचा एक थेंब नाही, सगळं भोकांमधून उमटलेलं.

कागदाची परंपरा तिकडे स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासूनची. झाडाची साल उकळून, दगडाने कुटून आमाते नावाचा कागद करायचे, त्यावर पोथ्या लिहायचे आणि पूजाविधीतही तो लागायचा, म्हणूनच स्पॅनिश सत्तेने पुढे तो दडपला. तरी पुएब्ला राज्यातल्या सान पाब्लितो गावात ओतोमी लोक आजही आमाते बनवतात, हे मला फार मोठं वाटतं. पताकांचा पातळ कागद मात्र बाहेरून आला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला ते आकापुल्को जहाजं चालायची, त्यातून आशियाचा माल मेक्सिकोत उतरायचा, आणि या कागदाला तिकडे अजूनही पापेल दे चिना, म्हणजे चिनी कागद, असंच म्हणतात. आपला पतंगाचा कागद डोळ्यासमोर आणा, साधारण तसाच.

या कलेचं माहेर म्हणजे पुएब्लातलंच सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे गाव. गावात सांगतात की आजूबाजूच्या जमीनदारांच्या हासिएंदांवर, म्हणजे मोठ्या जमीनजुमल्यांवर, राबणाऱ्या मजुरांना तिथल्याच दुकानातून उधारीवर सामान घ्यावं लागायचं, तिथे त्यांनी हा कागद पाहिला आणि त्यातून हे काम सुरू झालं. १९९८ मध्ये पुएब्ला राज्याने या गावच्या पापेल पिकादोला राज्याचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

काम कात्रीचं असेल असं वाटतं ना, पण खरे कारागीर छिन्नी-हातोडी वापरतात! सगळ्यात वर नमुना काढलेला कागद, खाली पन्नासेक तावांची चळत, त्याच्याखाली शिशाचा पत्रा, आणि मग गोल, सरळ, अर्धगोल अशा वेगवेगळ्या तोंडाच्या छिन्न्या एकामागून एक ठोकत जायचं. शिसं मऊ, म्हणून छिन्नी आरपार जाते पण तिची धार जात नाही. खरी कसब नमुना आखण्यात आहे कारण काय कापायचं यापेक्षा काय ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं, कवटीचा डोळा सुटा कापला तर बुबुळ खाली पडेल, म्हणून प्रत्येक आकार बारीक पट्टीने शेजारच्याला जोडलेला राहतो आणि मागची मोकळी जागा जाळीने भरतात. शेवटी वरची कड दोरीवर दुमडून चिकटवली की माळ तयार.

रंग आणि चित्रं सणाप्रमाणे बदलतात. १६ सप्टेंबरच्या स्वातंत्र्यदिनाला हिरवा-पांढरा-लाल, १२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेची (मेरीमातेचं तिकडचं रूप) चित्रं, लग्नात पांढऱ्या पताका, त्यात कबुतरं आणि कधी नवरा-नवरीची नावंसुद्धा. १६ ते २४ डिसेंबरच्या पोसादासमध्ये, म्हणजे नाताळच्या आधीच्या नऊ दिवसांच्या सणात, मुलं डोळे बांधून काठीने पिन्याता (आत खाऊ भरून टांगलेलं सजवलेलं मडकं) फोडतात, त्या पिन्यातालाही याच कागदाच्या झिरमिळ्या.

पण सगळ्यात जास्त अर्थ आहे तो १ आणि २ नोव्हेंबरच्या दिया दे मुएर्तोसला, म्हणजे मृतांच्या दिवसांना (युनेस्कोच्या यादीत २००८ पासून). घरोघरी ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठीची नैवेद्याची मांडणी, मांडतात, गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं खाणं, लांबून आलेल्या आत्म्याची तहान भागावी म्हणून पाणी, मेणबत्त्या, कोपाल धूप. या मांडणीत पापेल पिकादो म्हणजे वारा. कागद हलला की आपलं माणूस घरी आलं असं मानतात. कागद पातळ का हवा ते इथे समजतं, जाड पुठ्ठा कुठला हलायला! कवट्या आणि नटलेले सांगाडे यातलेच, होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२-१९१३) या चित्रकाराच्या कात्रिनाची (मोठी टोपी घातलेली नटवी सांगाडा-बाई) छाप बऱ्याच नमुन्यांवर दिसते.

सोबत केशरी सेंपासुचिलच्या पाकळ्यांची वाट घालतात, आणि हे सेंपासुचिल म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपला झेंडू! दसऱ्याला दाराला तोरण लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचाच. नावाचा अर्थ नावात्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'वीस फूल', भरपूर पाकळ्यांचं म्हणून.

आता प्लास्टिकच्या पताकाही भरपूर मिळतात, पावसात टिकतात म्हणून रस्त्यावर त्याच जास्त लावतात. कागदाच्या मात्र उन्हाने फिक्या पडतात, वाऱ्याने फाटतात, आणि पुढच्या सणाला विश्कोलोत्लात परत नवी चळत रचली जाते.