दिवा लागला म्हणून सेन्सर गेला, असे नव्हे

माझ्या भाच्याने मागच्या मे महिन्यात गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका गृहस्थांकडून २०२१ सालची, दीडशे सीसीची मोटरसायकल विकत घेतली. गाडी दिसायला नीटनेटकी होती, कागदपत्रे चोख होती आणि उन्हाळाभर तिने काही त्रास दिला नाही. मृगाचा पाऊस लागला आणि आठवड्याभरात मीटरवरचा इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटला. तो कधी दोन-दोन दिवस पेटलेला राहायचा, कधी आपोआप विझायचा. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणारी गाडी छत्तीसवर आली आणि सायलेन्सरला पेट्रोलचा वास येऊ लागला. फोंड्यातल्या एका गॅरेजमध्ये प्लग काढून पाहिला, तर तो काजळीने काळाकुट्ट झाला होता. ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन तपासणारा भाग, गेला आहे, बदलावा लागेल, असे त्याला सांगण्यात आले आणि त्याची किंमत काही हजारांत होती. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, बदलून टाकू का?”

मी त्याला थांबवले. या दिव्याविषयीचा एक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो लोकांना महागात पडतो. दिवा लागला म्हणजे गाडीने बिघडलेला भाग ओळखला, असे आपण धरून चालतो. गाडीला ते कळत नाही. तिच्यातल्या छोट्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, फक्त काही तारांवरचे व्होल्टेज दिसते. त्यातला एखादा आकडा ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो दिवा लावतो. आकडा का बिघडला, ते शोधणे माणसाच्याच हाती असते.

भारतात दुचाकींवर हा दिवा घरोघरी पोहोचला तो १ एप्रिल २०२० पासून, भारत स्टेज सहाचे प्रदूषण नियम लागू झाल्यावर. इंधन इंजेक्शनची मोटरसायकल त्याआधीही मिळत होती, २००६ मध्ये हिरो होंडाने ग्लॅमरचे तसे मॉडेल बाजारात आणले होते. पण सर्वसाधारण गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळणारा यांत्रिक कार्ब्युरेटरच असे आणि तो बिघडला तर मेकॅनिक कानाने व नाकाने ओळखत असे. नव्या नियमांमुळे कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि गाडीने स्वतःवर लक्ष ठेवून दोष नोंदवणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२३ पासून त्या नियमांचा दुसरा, अधिक काटेकोर टप्पा सुरू झाला. आज सेकंडहँड बाजारात येणाऱ्या बऱ्याच गाड्या या दोन तारखांच्या आगेमागे बनलेल्या आहेत. हा दिवा समजून घेण्याची गरज म्हणूनच आता जास्त आहे.

भाच्याच्या गाडीत नोंदलेला दोष आम्ही आधी वाचून घेतला. बऱ्याच नव्या गाड्यांत सीटखाली सहा पिनांचा लाल कपलर, म्हणजे तारा जोडण्याचा सांधा, असतो, त्याला जोडण्याची तार आणि ब्लूटूथचे छोटे यंत्र मिळाले की मोबाइलवर दोषाचा क्रमांक दिसतो. काही गाड्यांत यंत्राचीही गरज नसते, कारण दिवाच लुकलुकून क्रमांक सांगतो. होंडाच्या अनेक मॉडेलांत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि आखूड लुकलुक म्हणजे एक अशी मोजणी असते. सात आखूड लुकलुकी म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर आणि दोन लांब व एक आखूड, म्हणजे एकवीस, हा ऑक्सिजन सेन्सर. आमच्या यंत्रावर क्रमांक आला तो पी ०११८. ऑक्सिजन सेन्सरचा त्यात उल्लेखही नव्हता. या क्रमांकाचा अर्थ असा की इंजिनाचे तापमान सांगणाऱ्या वीजमंडलातले व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त आहे. ‘सेन्सर खराब’ असे तो क्रमांक कुठेही म्हणत नाही, त्यात केवळ मंडलाची आणि व्होल्टेजची गोष्ट आहे. हे वाक्य शब्दशः वाचण्याची सवय लागली की अर्धे निदान तिथेच होते.

हे मंडल अगदी साधे आहे. सिलिंडर हेडवर बसवलेल्या सेन्सरमध्ये धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेला एक कण असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध झपाट्याने घटतो. एका प्रचलित प्रकारच्या सेन्सरचा रोध वीस अंश सेल्सियसला सुमारे २,५०० ओहम असतो, तर ऐंशी अंशांना तो ३२० ओहमच्या आसपास येतो. ईसीयू आपल्या आतल्या एका ठराविक रोधातून या सेन्सरला पाच व्होल्ट पुरवतो. समजा, आतला रोधही २,५०० ओहमचा आहे. मग इंजिन वीस अंशांवर असताना पाच व्होल्टांची समान वाटणी होऊन सेन्सरवर अडीच व्होल्ट दिसतील आणि इंजिन ऐंशी अंशांवर गेले की जेमतेम ०.५७ व्होल्ट उरतील. ईसीयू तापमान मोजत नाही, तो हे व्होल्ट मोजतो आणि स्मृतीतल्या कोष्टकात त्यापुढे लिहिलेले तापमान खरे मानतो.

आता यातली एक तार तुटली असे समजा. प्रवाह थांबला की वाटणीही थांबते आणि ईसीयूला सगळेच्या सगळे पाच व्होल्ट दिसतात. कोष्टकाच्या हिशेबाने याचा अर्थ इंजिन शून्याखाली चाळीस अंशांच्याही पलीकडे गोठलेले आहे. गोव्यात हे कदापि शक्य नाही आणि ईसीयूलाही अशा आकड्यावर विश्वास न ठेवण्याची शिकवण दिलेली असते. तो दिवा लावतो, दोष नोंदवतो आणि एखादे ठराविक तापमान गृहीत धरून काम भागवतो. म्हणूनच दिवा पेटलेला असतानाही बहुतेक वेळा गाडी घरापर्यंत येते.

खरी अडचण तार पूर्ण तुटली नसताना होते. जोडणीत गंज साठून तिथे २,२०० ओहमचा जादा रोध तयार झाला असे धरा. इंजिन ऐंशी अंशांवर तापलेले आहे आणि सेन्सर आपला ३२० ओहमचा आकडा प्रामाणिकपणे देतो आहे, पण वाटेत गंजाचे २,२०० ओहम त्यात मिसळतात आणि ईसीयूपर्यंत अडीच हजारांची बेरीज पोहोचते. म्हणजे तापलेले इंजिन त्याला वीस अंशांचे, नुकतेच चालू केलेले भासते. हा आकडा मर्यादेच्या आतला आहे, त्यामुळे दिवा लागत नाही. ईसीयू मात्र थंड इंजिनाला देतात तसे जादा पेट्रोल देत राहतो, जणू जुन्या गाडीचा चोक दिवसभर ओढून ठेवला आहे. काळा प्लग, पेट्रोलचा वास आणि घटलेला ॲव्हरेज या तिन्ही गोष्टींचा उगम इथे आहे. दिवा विझलेल्या दिवशी गाडी बरी आहे असे भाच्याला वाटायचे, आणि नेमक्या त्याच दिवशी ती सर्वांत जास्त पेट्रोल पीत असणार.

बिचाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवरचा आरोपही इथेच गळून पडतो. हा सेन्सर झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा असतो. साधारण तीनशे अंशांच्या वर तापला की बाहेरची हवा आणि धुरातला उरलेला ऑक्सिजन यांतल्या फरकामुळे तो स्वतःच वीज निर्माण करतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की सुमारे ०.९ व्होल्ट आणि हवा जास्त झाली की ०.१ व्होल्ट. या दोन टोकांमध्ये झोके घेणारा आकडा पाहून ईसीयू पेट्रोल कमीजास्त करतो. परंतु इंजिन पुरेसे तापेपर्यंत ईसीयू या सेन्सरकडे लक्षच देत नाही, कारण थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागणारच, हे त्याला ठाऊक असते. इंजिन थंड असल्याचा त्याचा भ्रम कायम राहिला, तर ऑक्सिजन सेन्सर कितीही खरे सांगो, त्याचे ऐकले जात नाही. तो नवा बसवला असता तरी प्लग तितकाच काळा झाला असता.

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे साइड कव्हर काढून आम्ही मल्टीमीटर घेऊन बसलो. चावी बंद ठेवून सेन्सरचा कपलर सोडवला आणि सेन्सरचा रोध मोजला, तो १,९०० ओहम भरला. हवेचे तापमान सत्तावीस अंश असताना तो तेवढाच असायला हवा. कपलर पुन्हा जोडून इंजिन दहा मिनिटे चालवले, बंद करून परत मोजले तर आकडा साडेतीनशेच्या जवळ होता. सेन्सर ठणठणीत होता. नंतर चावी चालू करून वायरिंगच्या बाजूने तपासले, तर पुरते पाच व्होल्ट मिळाले. इथे पुष्कळ जण फसतात. सेन्सर चांगला, तारेत पाच व्होल्ट, म्हणजे ईसीयूच गेला, असा निष्कर्ष निघतो आणि त्याचा खर्च सेन्सरच्या कित्येक पट असतो. पण मल्टीमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह ओढतच नाही आणि प्रवाह नसेल तर गंजलेल्या जोडणीवर व्होल्ट खर्च होत नाहीत. हे पाणी न सोडता नळाची गळती शोधण्यासारखे आहे. कपलर जोडलेला ठेवून, मागच्या रबरी बुचांतून बारीक सुया तारांपर्यंत सरकवून मोजले, तेव्हा कुठे खरे चित्र दिसले. इंजिन निवल्यावर जिथे सव्वादोन व्होल्टच्या आसपास दिसायला हवे होते, तिथे ३.३ व्होल्ट होते. कपलर बोटाने हलवला की आकडा ४.९ पर्यंत उडी मारायचा आणि त्याच क्षणी मोबाइलवर दिसणारे इंजिनाचे तापमान शून्याखाली जायचे.

भिंगाखाली पाहिल्यावर दोनपैकी एका पिनेच्या बुडाशी हिरवट-निळसर पूड दिसली, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी. या पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांवर कथलाचा पातळ मुलामा असतो, म्हणजे आपल्या पितळी भांड्यांना करतात तशी कल्हईच. इंजिनाच्या थरथरीने पिन आणि तिचा जोडीदार एकमेकांवर केसभर घासत राहतात, कल्हई झिजते, खालचे तांबे उघडे पडते. पुढचे काम मीठ करते. या गाडीचा पूर्वीचा मालक रोज रायबंदरच्या फेरीबोटीतून जात-येत होता. मांडवी नदीचे ते पाणी भरती-ओहोटीचे, मचूळ असते आणि धक्क्यावर चढता-उतरताना त्याचे तुषार गाडीखाली उडतच असतात. साधे मीठ हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळते. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तेच कपलरच्या आत घडते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या चार महिन्यांत आर्द्रता या रेषेखाली क्वचितच येते, त्यामुळे आत शिरलेले मीठ पाऊस उघडला तरी ओलेच राहते. उन्हाळ्यात निमूट असलेली गाडी मृगात कुरकुरू लागली, त्याचे कारण हे. त्यात पाच व्होल्टची पिन धन बाजूची असल्याने ओलाव्यात तिचे तांबे अधिक वेगाने झिजते. पूड झालेली पिन तीच होती. याउलट दोन पिनांमध्ये खाऱ्या पाण्याची सलग वाट झाली, तर प्रवाहाला जवळचा रस्ता मिळून व्होल्टेज घसरते आणि इंजिन आहे त्याहून गरम भासते. तसे झाले की नोंदला जाणारा क्रमांक पी ०११७ असतो.

वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवाराही कपलरांचा असाच शत्रू आहे. समुद्रकाठी भाड्याने फिरलेल्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या पुढे खाजगी नोंदणी होऊन विक्रीला येतात, तेव्हा त्यांचे कपलर उघडून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेकंडहँड गाडी पाहताना चावी चालू केल्यावर हा दिवा आधी पेटला पाहिजे आणि थोड्या वेळात, निदान इंजिन चालू झाल्यावर, विझला पाहिजे. तो मुळात पेटतच नसेल, तर कोणी तरी तो काढून टाकला असण्याची शक्यता मोठी आहे. दोषांची नोंद विकण्यापूर्वी पुसताही येते, म्हणून गाडी पूर्ण थंड असताना स्वतः चालू करावी, पंधरा-वीस किलोमीटर चालवून चांगली तापवावी आणि नंतर क्रमांक वाचावेत. बॅटरीही तपासावी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण चौदा व्होल्ट हवेत. बॅटरी मेलेली असली की स्टार्टर फिरताना ईसीयूचाच पुरवठा कोलमडतो आणि भलतेच दोष नोंदले जातात.

आमचे काम तासाभरात आटोपले. बॅटरीची ऋण तार सोडली, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ केल्या, सैल झालेली मादी पिन बारीक सुईने किंचित आवळली, कपलर कोरडा होऊ दिला आणि रबरी बुचाभोवती सिलिकॉनचे ग्रीस लावले. सॅंडपेपर मात्र वापरला नाही, कारण त्याने उरलीसुरली कल्हईही गेली असती. जोडलेल्या कपलरवर व्होल्टेज २.२ आले आणि हलवूनही जागचे हलले नाही. नोंद पुसून भाचा गाडी घेऊन बाणस्तारीपर्यंत जाऊन आला. परतल्यावर मोबाइलवर ऑक्सिजन सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टांमध्ये भराभर झोके घेताना दिसत होता, म्हणजे ईसीयू आता त्याचे ऐकू लागला होता. श्रावणात प्लग पुन्हा काढून पाहिला, तेव्हा त्याचे टोक तपकिरी झाले होते.