नुसती ताकीद की मालकीची घोषणा? वादपत्र लिहिण्याआधी ठरवा

शेजारी बांध कोरतो म्हणून लावलेला दावा वेगळा आणि शेजारी ‘जमीनच माझी’ म्हणतो म्हणून लावलेला दावा वेगळा. पण दोन्हींच्या वादपत्रात (म्हणजे दाव्याच्या अर्जात) विनंती कलमात, जिथे न्यायालयाकडे काय मागतो ते लिहितात, ‘प्रतिवादीने हरकत-अडथळा करू नये’ हे वाक्य येतं, आणि तिथेच घोळ होतो.

पहिला निरंतर मनाईचा, म्हणजे बोलीत ताकिदीचा दावा. त्यात मुख्यतः एवढंच पाहिलं जातं की दावा दाखल झाला त्या दिवशी ताबा कोणाचा होता. सातबाऱ्यावरचं नाव, पीकपाहणी, वीजबिल इथे उपयोगी पडतं. दुसरा मालकीच्या घोषणेचा, म्हणजे मालक आपणच आहोत असं न्यायालयाने जाहीर करावं यासाठीचा, स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३४ खालचा. तिथे सातबारा पुरत नाही, कारण तो महसुली अभिलेख आहे, मालकीचा दस्त नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाहक्क असेल तर वंशावळ लागते, आणि मूळ मालकापासून आपल्यापर्यंत हक्क कसा आला हे वादपत्रात तारीखवार सांगावं लागतं.

निवड कशी करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने अनथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी (२००८) या निकालात स्पष्ट केलं आहे. मालकीवर वाद नाही, ताबा आपला, फक्त त्रास होतोय: ताकीद पुरे. ताबा आपला पण मालकीवर सावट आहे: घोषणा आणि ताकीद दोन्ही. ताबाही गेला असेल तर घोषणेसोबत ताबा मागायलाच हवा. ताबा मागता येत असूनही नुसती घोषणा मागितली, तर कलम ३४ चं परंतुक (कलमाला जोडलेली अट) आडवं येतं आणि घोषणा मिळत नाही. समोरच्याकडे खरेदीखत असेल आणि त्यावर तुमची सही असेल, तर ते रद्द करून मागा. सही नसेल, तर ते आपल्यावर बंधनकारक नाही अशी घोषणा मागा.

मिळकतीचं वर्णन मात्र दोन्हीकडे सारखंच काटेकोर हवं. ‘गट नं. ११२ पैकी ० हे. ४० आर’ एवढंच लिहिलं तर ‘पैकी’ म्हणजे नेमका कोणता तुकडा? चतुःसीमा लिहा, त्यातही ‘पूर्वेस शेजाऱ्याची जमीन’ असं मोघम नको, ‘पूर्वेस गट नं. ११३’ असं हवं. मोजणीचा नकाशा असेल तर तो जोडाच. हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) झाल्यावर बजावणीला गेलेल्या बेलिफाला जागाच ओळखता आली नाही, तर जिंकून उपयोग काय?

दाव्याचं कारण लिहिताना ‘गेल्या काही दिवसांपासून’ असं लिहिण्याची सवय वाईट. प्रतिवादीने मालकी नाकारली ती तारीख आणि कशी नाकारली (नोटिशीचं उत्तर, फेरफाराला हरकत) हे द्या. घोषणेची मुदत मुदत कायद्याच्या (लिमिटेशन ॲक्ट, १९६३) अनुच्छेद ५८ प्रमाणे ३ वर्षं, आणि ती दाव्याचा हक्क *पहिल्यांदा* निर्माण झाला तेव्हापासून मोजतात. नंतरच्या नोटिशीने ती नव्याने सुरू होत नाही. मालकीच्या आधारे ताबा मागण्याला अनुच्छेद ६५ ची १२ वर्षं आहेत, प्रतिवादीचा ताबा मालकाविरुद्ध (म्हणजे मालकाचा हक्क नाकारणारा) झाला तेव्हापासूनची.

‘आधी ताकीद घेऊ, मालकीचं नंतर बघू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याच कारणावरून मागता येण्यासारखी दाद न्यायालयाच्या परवानगीशिवाय वगळली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २ नियम २ मुळे पुढे ती मागता येत नाही. चालू दाव्यात दुरुस्ती करू म्हटलं, तर साक्षीपुरावा सुरू झाल्यावर आदेश ६ नियम १७ खाली ‘योग्य ती तत्परता दाखवूनही आधी हे मांडता आलं नसतं’ असं पटवून द्यावं लागतं. आणि मालकीचा दस्त तर पहिल्या दिवसापासून आपल्याच कपाटात असतो.