जुनी बारूददानं, बंदुकीचे सुटे भाग, रेप्लिका जमवताय? लायसन कशाला लागतं, कशाला नाही आणि अर्जाला कुठले कागद

"अहो शंभर वर्षं जुनी आहे, आता कसलं लायसन?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की सुरुवात तिथूनच करतो. आपल्याकडचा शस्त्र कायदा १९५९ चा, त्यावरचे सध्याचे नियम २०१६ चे, आणि कायद्याच्या ज्या कलमावर सगळे संग्राहक विसंबून असतात ते कलम ४५ वस्तू किती वर्षांची आहे एवढ्यावर कधीच थांबत नाही. त्यातला मुद्दा असाय की हत्यार जुन्या, वापरातून गेलेल्या बनावटीचं असेल, पुरातन मोलाचं असेल किंवा मोडकं असेल आणि ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तर त्याला कायदा लागू नाही. "दुरुस्त करून" हे दोन शब्द लोक वाचतच नाहीत. घोडा तुटलाय, चाप अडकलाय, नळीला गंज चढलाय, म्हणून बंदूक मेली असं होत नाही, कारीगराने दोन दिवसांत ती चालू केली तर कायद्याच्या नजरेत ती आधीपासून बंदूकच होती. आणि ठासणीची बंदूक तर फारच साधं यंत्र, ती दुरुस्त व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे तिच्याबाबतीत जास्तच सांभाळून.

ॲक्सेसरीजवाल्यांसाठी याच कलमातला पुढचा तुकडा जास्त कामाचा. हत्याराचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग जवळ ठेवायला लायसन लागत नाही, पण अट अशी की ते भाग त्यांच्या जोडीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसावा, आणि ते जोडीचे भाग तुमच्याकडे असोत किंवा दुसऱ्या कोणाकडे. दुसऱ्या कोणाकडे हे नीट लक्षात घ्या. आपल्या छंदातले तिघंजण मिळून एकाकडे दस्ता, एकाकडे घोड्याचा संच, एकाकडे नळी असं वाटून ठेवत असतील आणि कधीतरी जोडून बघू असं मनात असेल तर ही सवलत तिघांनाही नाही. शिवाय नळी म्हणजे किरकोळ भाग अशी समजूत करून घेऊ नका. कायद्याच्या व्याख्येत हत्याराचे भाग हेसुद्धा हत्यारातच धरलेत, किरकोळ म्हणजे खरोखर किरकोळ, स्क्रू, स्प्रिंग, माशी (नेम धरायला नळीच्या टोकाशी असलेला छोटा उंचवटा), दस्त्यावरची पितळी पट्टी असं काहीतरी.

मग बिनधास्त काय घेता येतं? चामड्याचे पट्टे, होल्स्टर, रिकामा काडतूसपट्टा, तेलाची कुपी, साफसफाईचा डबा, पितळी बारूददान, गोळ्या ओतायचा जुना साचा शोभेला ठेवलेला, हे भाग नव्हेतच, सोबतचं सामान आहे. पण जुना पट्टा घरी आणला की प्रत्येक कप्पा बोट घालून तपासा, कारण एखादं न फुटलेलं काडतूस त्यात राहून गेलेलं असतं आणि एका जिवंत काडतुसालाही लायसन लागतं. बारूददानात जुनी दारू असेल तर ती स्फोटक पदार्थांच्या कायद्याची गोष्ट झाली, ती घरी उकरत बसू नका, वाळवू तर अजिबात नका. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं नळीवरचं यंत्र, म्हणजे सायलेन्सर, किती का जुना असेना, कायदा त्याला सरळ फायरआर्ममध्ये मोजतो, ॲक्सेसरी म्हणून त्याची सुटका नाही.

संगीनचं वेगळं प्रकरण आहे. ती बंदुकीला लागते म्हणून लोक ॲक्सेसरी समजतात, पण नियमांच्या यादीत ती तलवार, खंजीर, भाल्यांच्या गटात येते. थ्री-नॉट-थ्रीबरोबरची १९०७ पॅटर्नची संगीन, जी आपल्याकडे बऱ्याच संग्रहांत दिसते, तिचं पातं १७ इंच आहे. धारदार हत्यारांना लायसनची सक्ती जिथे सरकारने तशी अधिसूचना काढली आहे त्या भागात लागते, म्हणून घ्यायच्या आधी आपल्या जिल्ह्यात काय स्थिती आहे ते लायसन शाखेत विचारा. आणि महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून लागू असतात, तेव्हा घरातली संगीन प्रदर्शनाला हातात घेऊन निघालात तर अडचण.

रेप्लिकांचं मूळ सूत्र हे, की जे फक्त खेळणं म्हणूनच वापरता येतं आणि चालणाऱ्या हत्यारात बदलता येत नाही ते व्याख्येच्या बाहेर. आरपार नळी नसलेली, ओतीव धातूची किंवा लाकडाची शोभेची प्रतिकृती यात बसते. पण जिची नळी खरी पोलादी आहे, जिचा घोडा आपटतो, जिच्यात दारू ठासता येईल अशी "हुबेहूब" प्रतिकृती म्हणजे नवीन ठासणीची बंदूकच झाली, तिला रेप्लिका म्हटल्याने काही होत नाही. नकली बंदुकीची असली करणं याला कलम ६ खाली वेगळं लायसन आहे. उलट बाजूनेही ऐका, असली बंदूक निकामी करायची म्हणून गल्लीतल्या लेथवाल्याकडे नेऊन नळीत वेल्डिंग करून आणू नका, बंदुकीत बदल करणं, दुरुस्त करणं, तपासून बघणं हे कलम ५ च्या लायसनवाल्याचं काम आहे आणि शिवाय एक चांगली वस्तू कायमची खराब होते ती वेगळीच.

आता २०२० मधला बदल, ज्याची अर्धवट माहिती सगळीकडे फिरते. फेब्रुवारी २०२० च्या दुरुस्तीने क्युरिओ (जुन्या, दुर्मिळ, जमवण्याजोग्या वस्तू) या वर्गातली छोटी हत्यारं, म्हणजे हातात धरून चालवायच्या बंदुका-पिस्तुलं, विकत घ्यायला आणि घरी ठेवायला भारतीय नागरिकाला लायसनची गरज राहिली नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण ती वापरायला, बरोबर बाळगायला किंवा एका जागेवरून दुसरीकडे न्यायला लायसन लागतंच, आणि लायसनवर नोंद असल्याशिवाय तिच्यासाठी दारूगोळा विकता येत नाही. म्हणजे घरात भिंतीवर ठीक, गाडीच्या डिकीत नाही. आपली वस्तू क्युरिओत बसते का, किंवा कलम ४५ मध्ये बसते का, हे आपणच ठरवून मोकळं होऊ नका. एक साधा अर्ज करा, चारही बाजूंचे फोटो, नळीची लांबी, आतला व्यास, कोरलेले शिक्के आणि नंबर, कोणाकडून कधी आली ते, लायसनधारक कारीगराचा तपासणी दाखला मिळाला तर तोही, आणि लायसनिंग ऑथोरिटीकडे लेखी अभिप्राय मागा. आवकचा शिक्का मारलेली झेरॉक्स घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

ऑथोरिटी म्हणजे जिल्ह्यात कलेक्टर ऑफिस, जिल्हा दंडाधिकारी म्हणून, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त. लायसन लागतंच असं ठरलं तर अर्ज फॉर्म ए-१ वर, केंद्राच्या एनडाल-अलिस पोर्टलवर भरायचा आणि कागद शाखेत दाखवायचे. वय २१ पूर्ण पाहिजे, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटकेनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. पांढऱ्या बॅकग्राउंडचे चार पासपोर्ट साइज फोटो, जन्मतारखेचा पुरावा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शारीरिक आणि मानसिक तब्येतीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या ट्रेनिंगचा दाखला, घरी सुरक्षित ठेवायची सोय आहे याचं हमीपत्र, सगळ्या झेरॉक्सवर स्वतःची सही. आधीच्या पत्त्यावर राहून आलेले असाल तर तो पत्ता लपवू नका, व्हेरिफिकेशन तिथेही जातं. मग फाइल पोलीस स्टेशनला जाते, तिथून रिपोर्ट येतो, त्याला नियमात ३० दिवस दिलेत, आणि नंतर ऑथोरिटी निर्णय देते. अर्जात कारण लिहिताना उगाच "स्वसंरक्षण" लिहू नका, जमवायला हवीय तर तसंच लिहा, पोलीस चौकशीत तुम्ही तेच बोलणार ना. शेतकऱ्याला मात्र कायद्यात खरी वाट आहे, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर कलम १३ मध्ये ती वेगळी नमूद आहे, कोकणातल्या कित्येक जुन्या बंदुका याच शेतीसंरक्षणाच्या लायसनवर आहेत.

लायसन आता पाच वर्षांचं असतं, आधी तीनचं होतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि ३० दिवसांच्या आत अपील करा, कलेक्टरच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे.

वारसाहक्काची बंदूक हा सर्वात जास्त चुकणारा विषय. लायसनधारक वारल्यावर तर वारसाच्या नावावर करता येतेच, पण त्यांचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल तर ते हयात असतानाही करता येते, आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो की वडील सही करू शकताहेत तोवर करून घ्या. मृत्यूनंतर करायचं तर मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकीच्या भावाबहिणींची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र, जुनं लायसन, हे सगळं जमवेपर्यंत बंदूक माळ्यावर ठेवायची नाही, पोलीस स्टेशनला किंवा लायसनधारक डीलरकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. कलम २१ त्यासाठीच आहे. एका ओळखीच्या घरात आजोबांची ट्रंक उघडली आणि लायसन १९८० च्या दशकातच संपलेलं निघालं, सगळे घाबरले, शेवटी स्वतःहून अर्ज लिहून जमा केली तेव्हा कुठे रात्रीची झोप लागली.

देवाणघेवाणीबद्दल. लायसनची बंदूक स्वतःच्या वापराची असेल तर तुम्ही ती विकू शकता, पण घेणाऱ्याकडे लायसन हवं आणि आधी कलेक्टरला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. बिनलायसनच्या ॲक्सेसरीजना ही भानगड नाही, तरी साध्या कागदावर पावती करा, वस्तूचा फोटो, दोघांची नावं, तारीख, आणि रेप्लिका असेल तर "नळी बंद, चालणारी नाही" असं स्पष्ट. कारण पुढच्या माणसाकडे पोलीस आले तर पहिला प्रश्न हाच असतो की तुला कोणी दिली.

वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी झाली की १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो. धंदा म्हणून अशा वस्तू विकायला वेगळं लायसन आहे, ज्या प्रकारांना सरकारने नोंदणी सक्तीची केलीय त्यांची नोंदणी करायची आणि मालक बदलला की कळवायचं, आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, भाच्याला अमेरिकेत भेट म्हणूनसुद्धा नाही. तसं केलं तर किमान सहा महिने कैद आहे. रेप्लिका बाहेर पाठवायची असेल तर ती पुरावस्तू नाही असं पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट आधीच काढा, कस्टम्सवाला डोळ्यांनी फरक ओळखेल यावर राहू नका.

आणि शेवटचं, बारूददान कशाचं आहे ते बघा. हस्तिदंताचं किंवा सांबराच्या शिंगाचं असेल तर शस्त्र कायद्यातून सुटलं तरी वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकतं, विकणं आणि विकत घेणं दोन्ही बंद, आणि ते नुसतं घरात आहे म्हटलं तरी वनखात्याचं मालकीचं सर्टिफिकेट विचारतात. म्हशीच्या शिंगाचं, पितळेचं, लाकडाचं घ्या. विकणारा "हाड आहे" म्हणाला तर ते पावतीवर लिहून द्यायला सांगा, लिहून देत नसेल तर तिथेच ठेवून या.