डॉक्टर हूचा पहिला एपिसोड: दोनदा शूट झालेली पंचवीस मिनिटं

डॉक्टर हू ही बीबीसीची सायन्स फिक्शन मालिका, काळात आणि अवकाशात भटकणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या पात्राची. तिच्या पहिल्या एपिसोडचा विषय निघाला की गाडी लगेच अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर जाते. ते स्वाभाविक आहे, कारण २२ नोव्हेंबर १९६३ ला, शुक्रवारी, डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सव्वापाचला बीबीसीवर 'ॲन अनअर्थली चाइल्ड' हा पहिला एपिसोड लागणार होता. पण त्यावरून जी गोष्ट पसरलीये ना, की बातम्यांमुळे एपिसोड दहा मिनिटं उशिरा लागला, ती खरी नाही. उशीर झाला तो साधारण ८० सेकंदांचा. प्रेक्षक मिळाले ४४ लाखांच्या आसपास, काही भागात लाइटही गेले होते, म्हणून मग पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग परत दाखवला आणि तेव्हा आकडा ६० लाखांपर्यंत गेला. मला विचाराल तर या योगायोगात आपण जरा जास्तच अडकतो. खरी गोष्ट त्याच्या आधीच्या दीडेक वर्षात घडली, आणि ती घडवणारे बहुतेक जण बीबीसीच्या जुन्या मंडळींना 'आपल्यातले' वाटत नव्हते.

सुरुवात झाली एका रिपोर्टपासून. १९५५ ला आयटीव्ही हे खासगी चॅनल आलं आणि बीबीसीचा प्रेक्षक तिकडे जायला लागला, त्यामुळे नवीन काहीतरी हवं होतं, म्हणून १९६२ मध्ये डोनाल्ड बुल आणि ॲलिस फ्रिक या दोघांना सायन्स फिक्शन वाचून टीव्हीवर काय चालेल ते बघायला सांगितलं. रिपोर्ट झाला आणि पडून राहिला. मग वर्षाच्या शेवटी सिडनी न्यूमन ड्रामाचे हेड म्हणून आले. ते कॅनडाचे, टोरोंटोचे, आयटीव्हीच्या एबीसी कंपनीत नाव कमावलेले, स्पष्ट बोलणारे. शनिवारी संध्याकाळी स्पोर्ट्सचं 'ग्रँडस्टँड' संपायचं आणि गाण्यांचं 'ज्यूक बॉक्स ज्युरी' लागायचं, मधल्या वेळात मुलं, आईबाप, आजीआजोबा सगळे एकत्र बघतील असं काहीतरी त्यांना हवं होतं. तऱ्हेवाईक म्हातारा आणि आतून मोठं असलेलं यान या कल्पना त्यांच्याच. मोठ्या डोळ्यांचे राक्षस अजिबात नकोत, हा त्यांचा हट्ट, मुलांनी इतिहास आणि विज्ञान शिकलं पाहिजे. म्हणून तर पहिल्या एपिसोडमधले दोन शिक्षक बघा, बार्बरा इतिहासाची आणि इयन विज्ञानाचा.

न्यूमननी प्रोड्युसर म्हणून आणलं व्हेरिटी लॅम्बर्टला. वय २७, बीबीसीच्या ड्रामात त्या वेळी एकमेव बाई प्रोड्युसर आणि सगळ्यात तरुण. पण तिला कमी समजणाऱ्यांनी १९५८ चा प्रसंग आठवायला हवा होता, आयटीव्हीवर एक नाटक लाइव्ह चालू असताना त्यातला एक नट प्रक्षेपणादरम्यान वारला, डिरेक्टर धावत फ्लोअरवर गेला आणि कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यांची सूत्रं या असिस्टंट मुलीनं सांभाळली.

आणि डिरेक्टर वारिस हुसेन. जन्म १९३८ चा, लखनौचा, लहानपणीचा बराच काळ मुंबईत, १९४६ मध्ये वडिलांची लंडनला हाय कमिशनमध्ये नेमणूक झाली तेव्हा घरचे सगळे तिकडे गेले. वर्षभरात फाळणी झाली. आई अतिया होसेन, स्वतः मोठ्या लेखिका, मुलांना घेऊन इंग्लंडमध्येच राहिल्या. मुलगा केंब्रिजला शिकला, बीबीसीत लागला आणि तिथल्या ड्रामा विभागातला भारतात जन्मलेला पहिला डिरेक्टर झाला. डॉक्टर हू हातात आलं तेव्हा वय २४. स्क्रिप्ट वाचून तो खूश झाला नव्हता, कारण पहिल्या एपिसोडनंतरचे तीन भाग आगीसाठी भांडणाऱ्या गुहेतल्या माणसांचे होते आणि कातडी पांघरलेल्या नटांना पडद्यावर गंभीरपणे दाखवायचं कसं ही त्याला खरी काळजी होती. स्क्रिप्ट लिहिणारे अँथनी कोबर्न ऑस्ट्रेलियाचे. यान बाहेरून पोलीस बॉक्ससारखं दिसावं ही कल्पना कोबर्न यांची, तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांना फोन करायला असे निळे बॉक्स सगळीकडे असायचे, त्यामुळे प्रेक्षकांच्या दृष्टीनं त्याच्याइतकी साधी वस्तू दुसरी नव्हती.

या टीमला स्टुडिओ कुठला मिळाला तर लाइम ग्रोव्हमधला स्टुडिओ डी. शेफर्ड्स बुशमधली जुनी इमारत, जागा अपुरी, लाइट लावले की इतकं तापायचं की आग विझवायचे फवारे आपोआप सुरू व्हायची भीती. एका एपिसोडचं बजेट साधारण २,३०० पौंड. व्हिडिओ टेप एडिट करायची म्हणजे प्रत्यक्ष कापून जोडायची आणि ती महाग, त्यामुळे आठवडाभर तालमी आणि शुक्रवारी संध्याकाळी जवळजवळ नाटकासारखं सलग रेकॉर्डिंग, चुकलं तर बहुतेक वेळा चुकलेलंच राहायचं.

२७ सप्टेंबर १९६३ ला पहिला एपिसोड असाच रेकॉर्ड केला आणि तो फसला. टार्डिसचे, म्हणजे डॉक्टरच्या यानाचे, दरवाजे बंदच होईनात, सीन चालू असताना मागे दरवाजा आपटतोय. पण दरवाज्यापेक्षा मोठी अडचण डॉक्टरची होती. विल्यम हार्टनेल तोवर लष्करी सार्जंट आणि गुंडांच्या भूमिकांसाठी ओळखले जायचे आणि या पहिल्या रेकॉर्डिंगमधला, म्हणजे पायलटमधला, त्यांचा डॉक्टर इतका कडवट आणि तुसडा होता की शनिवारी संध्याकाळी मुलांसमोर तो चालला नसता. न्यूमननी लॅम्बर्ट आणि हुसेन दोघांना चायनीज जेवायला नेलं आणि म्हणाले की खरं तर तुम्हाला काढूनच टाकायला हवं, पण परत करा, हे वारिस हुसेन यांनी पुढे अनेकदा सांगितलंय. त्या काळात पूर्ण एपिसोडचे पैसे सोडून तो नव्यानं करायला देणं ही लहान गोष्ट नव्हती, न्यूमनचं खरं मोठेपण मला तिथे दिसतं.

१८ ऑक्टोबरला परत रेकॉर्डिंग झालं. डॉक्टर मवाळ झाला पण गूढ राहिला. नात सुझन पायलटमध्ये सरळ सांगून टाकते की तिचा जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला, नव्या एपिसोडमध्ये ती फक्त दुसरा काळ, दुसरं जग एवढंच म्हणते, आणि हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पुढची साठ वर्षं मालिका याच न सांगितलेल्या गोष्टीवर चालली.

आवाजाबद्दल थोडं सांगायलाच हवं. टायटल म्युझिक रॉन ग्रेनरनी कागदावर लिहिलं पण ते प्रत्यक्ष घडवलं डेलिया डर्बीशायरनं, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये. सिंथेसायझर नाही, वाद्यवृंद नाही, एकेक स्वर टेपवर रेकॉर्ड करायचा, वेग कमीजास्त करून सूर मिळवायचा, ब्लेडनं कापायचा आणि दुसऱ्याला जोडायचा. ग्रेनर ऐकून इतके थक्क झाले की अर्धी रॉयल्टी तिला द्यायला तयार होते, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही, आणि तिचं नाव मालिकेच्या क्रेडिट्समध्ये यायला २०१३ उजाडलं, तोवर ती जाऊन बारा वर्षं झाली होती. टार्डिसचा तो घरघराट ब्रायन हॉजसनचा, आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारांवर घासून काढलेला.

आता एपिसोड परत बघताना मला एक जागा सोडून पुढे जाता येत नाही. डॉक्टर त्या दोन शिक्षकांना विचारतो की परागंदा होऊन, मित्रांशिवाय, संरक्षणाशिवाय भटकणं म्हणजे काय याचा कधी विचार केलाय का, आणि एक दिवस आम्ही परत जाऊ असंही म्हणतो. हे शब्द स्क्रिप्टचे आहेत, पण कॅमेऱ्यामागे फाळणीनं ज्याचं घर वाटलं गेलं तो मुलगा उभा होता. त्यानं तिथे घाई केलेली नाही, हार्टनेलच्या चेहऱ्यावर तो थांबलाय, आणि ते थांबणं त्याला आतून कळलं होतं असं मी मानतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, डिसेंबरात डालेक आले, न्यूमनना नको होते तेच राक्षस, आणि प्रेक्षक एक कोटीवर गेले. वारिस हुसेन यांनी त्यानंतर याच मालिकेतल्या 'मार्को पोलो' या गोष्टीच्या सातपैकी सहा भागांचं दिग्दर्शन केलं, आज त्यातला एकही भाग शिल्लक नाही, बीबीसीनं टेपा पुसल्या, घरी टीव्हीसमोर रेकॉर्ड केलेला आवाज मात्र उरलाय. पहिला एपिसोड वाचला तो परदेशी चॅनलना विकायला काढलेल्या फिल्म कॉप्यांमुळे. २०२३ मध्ये साठ वर्षं झाली तेव्हा बीबीसीनं आठशेहून जास्त जुने एपिसोड आयप्लेयर या आपल्या ऑनलाइन सेवेवर टाकले आणि नेमकी पहिलीच चार भागांची गोष्ट त्यात नव्हती, कारण कोबर्न यांच्या वारसांशी हक्कांचं जमलं नाही. फसलेला पायलट मात्र टिकलाय, लाइम ग्रोव्ह बंद झाला तेव्हा १९९१ मध्ये बीबीसीनं तो पहिल्यांदा दाखवला. २००६ च्या 'द बिगिनिंग' या डीव्हीडी सेटमध्ये पायलट आणि खरा एपिसोड दोन्ही आहेत, मिळाला तर आधी पायलट बघा आणि मग लगेच दुसरा, हार्टनेलच्या आवाजातला फरक दोन मिनिटांत कळतो.